कॅमेऱ्याची टोपी

वसंतमामाबद्दल लिहायचं टळावं म्हणून मी आजवर काय काय लिहून काढलं ते माझं मला ठाऊक. उल्हास नदीतलं पोहणं लिहिलं, शाळेतली मारामारी लिहिली, आमच्या आळीतल्या गिरणीवाल्यावर अख्खी पाच पानं लिहिली. माझी वही धाकटी सून टाइप करून देते. परवा ती म्हणाली, "बाबा, हे मामाआजोबा प्रत्येक प्रकरणात दारापर्यंत येतात आणि परत जातात. त्यांना आत का नाही घेत तुम्ही?" मी तिला चहा टाकायला सांगितला आणि विषय बदलला. पण त्या दिवसापासून मला मामा खरंच दारात उभा दिसतो, सायकल हातात धरून. म्हणून आज त्याला आत घेतो. कर्जतमध्ये जुनी माणसं उरली असतील तर त्यांना मामा आठवेल तो एका टोपणनावानं आणि एका विनोदानं. त्या विनोदात मामाची जी चूक सांगतात ती मामाची नव्हती. हे माहीत असलेला माणूस मी एकटाच आहे.

आम्ही बाजारपेठेच्या मागच्या आळीत राहायचो. तीन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावत. इंजिन लागलं की जो धक्का बसायचा तो आमच्या घरापर्यंत यायचा आणि आईच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे, आम्हाला त्याचं काही नसे. बाबा खालापूरच्या कचेरीत कारकून होते, सकाळच्या एसटीनं जायचे, दिवे लागल्यावर परतायचे. संध्याकाळी आई पडवीत मोड आलेले वाल सोलत बसायची. भिजलेलं साल सुटताना बारीक चुळुक असा आवाज होतो, तो आवाज माझ्या डोक्यात संध्याकाळचाच आवाज होऊन बसला आहे. उजेड कमी झाला की आई वालांची परात उचलून आत यायची आणि पडवीचं दार लावून कडी घालायची. मे महिन्यात जीव गुदमरला तरी ते दार दिवेलागणीनंतर उघडं राहत नसे.

याला कारण आजोबा होते, आईचे वडील. शेवटची दोन वर्षं ते आमच्याकडे होते. दिवसभर शहाण्यासारखे पेपर वाचायचे. सूर्य मावळला की पडवीत बसून कौलांकडे बघायचे आणि म्हणायचे, "शकू, वर माणसं बसलीत गं. खाली बघतायत. त्यांना चहा दे." सुरुवातीला आई समजूत घालायची, नंतर ती मुकाट्यानं एक कप भरून पडवीच्या कट्ट्यावर ठेवायला लागली. तो कप सकाळी तसाच असायचा, वर साय धरलेली. पुढे आजोबांना ठाण्याला न्यावं लागलं आणि तिथेच ते गेले. त्यानंतर आमच्या घरात कुणीही वर बघत नसे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. झोपताना पांघरूण डोक्यावरून घ्यायचो आणि श्वासापुरती फट ठेवायचो, तीसुद्धा भिंतीच्या बाजूला.

वसंतमामा आईचा धाकटा भाऊ. शाळेत विज्ञान शिकवायचा आणि आमच्याकडेच राहायचा. ज्या वर्षाबद्दल मी सांगतो आहे तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा असेल, मी सतरा. सडपातळ, हसरा, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. माझ्याशी बरोबरीनं वागायचा, मी त्याला अरेतुरे करायचो. पण मध्येच, जेवताना किंवा दाढी करताना, तो थांबून विचारायचा, "शिरू, मी आत्ता काही विचित्र बोललो का रे?" आणि मी हसून म्हणायचो, "तू नेहमीच विचित्र बोलतोस." तोही हसायचा, पण माझं उत्तर येईपर्यंत हातातला घास तोंडात जात नसे. त्या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरलं होतं. खालापूरची कुसुम, तिथल्याच एका शिक्षकांची मुलगी. साखरपुडा झाला होता. दर रविवारी मामा काही ना काही निमित्त काढून खालापूरला जायचा आणि येताना शिळफाट्याहून आईसाठी जिलबी आणायचा. त्या जिलबीच्या पुड्यावरून आई त्याला जे चिडवायची ते अजून कानात आहे.

आठवड्यातून तीन दिवस तो कडावला शिकवणीला जायचा, सायकलवर. पौष लागला असावा. एका संध्याकाळी तो परत आला आणि अंगणात सायकल धरून नुसता उभा राहिला. स्टँड लावायचं त्याला सुचत नव्हतं. थंडीत शर्ट पाठीला चिकटला होता. आईनं बिरड्याची वाटी पुढे ठेवली तर म्हणाला, "ताई, आज भूक नाही." मग मला विहिरीपाशी नेऊन हळूच सांगितलं, "ढाकच्या डोंगरावर उजेड होता. डोंगराच्या वर, हवेत. विमान नाही, शेकोटी नाही, चांदणी नाही. आवाज नाही. थांबला होता. मी सायकल थांबवली तर तो थरथरला." त्यानं माझा दंड धरला. "शिरू, खरं सांग. मी आजोबांसारखा बोलतोय का?"

मला त्या उजेडापेक्षा त्याच्या हाताची भीती वाटली. बर्फासारखा गार होता.

आठ दिवसांनी त्याला तो पुन्हा दिसला. या वेळी त्यानं शाळेतल्या एक-दोघांना सांगितलं. ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर एक सहकारी म्हणाला, "काय वसंतराव, वरून कुणी चहाला बोलावलं का?" आजोबांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. मामा घरी आला तो ठरवूनच. मला म्हणाला, "फोटो काढायचा. माणसाच्या डोळ्याचा भरवसा नाही, आमच्या घरातल्या डोळ्यांचा तर नाहीच. पण कॅमेऱ्याच्या घराण्यात कुणी वेडं झालेलं नसतं." आणि चालता चालता, बाजारातून स्टुडिओकडे जाताना, त्यानं मला जे सांगितलं ते इथे नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो म्हणाला, "फोटोत आलं तर मी शहाणा. मग वैशाखात लग्न. नाही आलं तर कुसुमला मी फसवणार नाही. जे माझ्या बाबांनी माझ्या आईला दाखवलं ते मी तिला दाखवणार नाही." हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच मला नाही.

स्टुडिओ मुकादमचाचांचा. ते मूळचे श्रीवर्धनकडचे, पण कर्जतमध्ये दोन पिढ्या राहिलेले. आमच्या आळीतल्या प्रत्येक लग्नाचा आणि प्रत्येक मयताचा फोटो त्यांच्या हातचा. त्यांची नखं औषधांनी तपकिरी झाली होती. मामाचं सगळं ऐकून ते हसले नाहीत. शिंप्यानं माप घ्यावं तसे प्रश्न विचारायला लागले.

"मास्तर, हात लांब करा. तो उजेड कुठल्या बोटाच्या नखाएवढा?"

"करंगळीच्या. निम्मं नख."

"थांबतो की पळतो?"

"थांबतो. मग थरथरतो."

"किती वेळ?"

"चार-पाच मिनिटं."

"तेवढ्यात तर मी अख्ख्या वऱ्हाडाचा फोटो काढतो," चाचा म्हणाले आणि उठले. आमच्या घरचा पेटीसारखा कॅमेरा मामानं सोबत आणला होता. तो त्यांनी हातात घेऊन बाजूला ठेवला. "हा उन्हातल्या पोरांसाठी. अंधारात याला स्वतःचं नाक दिसायचं नाय." मग कपाटातून एक रशियन कॅमेरा काढला, त्याला वीतभर लांब लेन्स. मामाचे डोळे लकाकले, कारण त्याच्या मनात दुर्बीणच होती. चाचांनी तो त्याच्या हातात दिला आणि दुकानाचा दिवा मालवला. "आता बघा त्यातून. माझं तोंड दिसतं का?" मामा म्हणाला, दिसत नाही. "लांब लेन्स म्हणजे अंधारी लेन्स. शिवाय चिमणीच्या डोळ्याएवढ्या तुकड्यात आभाळ शोधत बसाल, तोवर तो घरी जाईल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगू? डोंगर फोटोत आला पाहिजे. काळ्यावर पांढरा ठिपका कुणीही मानणार नाय. तो तर मी इथे बसून टाचणीनं पाडून देतो."

शेवटी त्यांनी निवडला एक जपानी कॅमेरा, आखूड आणि जड. पुढची काच रुंद, वाटीच्या तळाएवढी. उजेड पुष्कळ आत घेतो, शटरचा आवाज नाही, कमी उजेडातही बघायची खिडकी लख्ख. त्याला लाकडी तिपाई, कारण हातात धरलं तर ठिपक्याची रेघ होते आणि लोक विमान म्हणतात. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून एक वीतभर तार. फिल्म काळी-पांढरी, चारशेची, कमी उजेडाला लवकर धरणारी. ती मुंबईहून मागवावी लागली. रंगीत नको, कारण ती धुवायला बाहेर गेली की कुणी काय केलं ते कळत नाही. ही इथेच, त्यांच्या अंधाऱ्या खोलीत, मामाच्या समोर धुऊन देणार होते. मला आजही वाटतं, गावात मामाला गंभीरपणे घेणारा तो एकटा माणूस होता.

कॅमेरा देताना चाचा म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटोची काच वेगळी. काचेवर टोपी असली तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं. मी स्वतः एक लग्न असं घालवलंय, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. नवरामुलगा आजपण माझ्याशी बोलत नाय."

मामा माझ्याकडे वळला. "मी खिडकीतून बघणार, सेकंद मोजणार, तार दाबणार. तुझं काम एकच. टोपी."

मी टोपी काढून काचेत डोकावून पाहिलं. जांभळट निळी झाक होती तिला. आत खूप खोल दुकानाचं दार उलटं दिसत होतं, आणि त्या दारात कुणीतरी उलटं उभं होतं. तो मीच होतो. पण मी पटकन टोपी लावून टाकली.

आता माझा नातू मोबाइल वर धरतो आणि काळोखातलं आभाळ त्यात दुपारसारखं येतं. मागच्या महिन्यात त्यानं गच्चीवर बोलावून मला एका ओळीत सरकणारे उपग्रह दाखवले, आगगाडीच्या डब्यांसारखे. "आजोबा, घाबरू नका, ते आपलेच आहेत," म्हणाला. मी खाली आलो आणि दाराला कडी घातली. माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मी जखमेला लावतात ती पट्टी चिकटवलेली आहे. घरचे हसतात. हे लिहून झालं की कदाचित हसणार नाहीत.

कडावला धोंडूदादाचं शेत होतं. त्यांच्या मुलाला मामा शिकवायचा. तिथून ढाकचा डोंगर समोर, मध्ये भात कापलेली मोकळी खाचरं. आईला आम्ही सांगितलं की धोंडूदादानं पोपटी खायला बोलावलंय, आणि ते खोटंही नव्हतं. वालाच्या शेंगा नव्या आल्या होत्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. तीन संध्याकाळी आम्ही गेलो, शेंगा खाल्ल्या आणि रिकामे परतलो. चौथ्या संध्याकाळी मी मनातून खूश होतो. काही येत नाही, येणारही नाही, असं मला वाटायला लागलं होतं. धोंडूदादा जाळाला गवत लावत होते, मामा तिपाईचे पाय ढेकळांत रोवत होता.

"मास्तर, एक इचारू?" धोंडूदादा म्हणाले. "तुमी तेचा फोटू काढून करनार काय?"

"म्हणजे तुम्हालाही माहीत आहे तो?"

"हाय की. आमच्या बापाला म्हाईत व्हता. आमी त्याला वरचा म्हंतो. पन आमी कदी बगितला नाय."

"माहीत आहे आणि बघितला नाही? हे कसं?"

"बगायचाच नाय तेच्याकडं. बगनाऱ्याला त्यो बगतो. आला की पाठ करून बसायचं, जातो आपला." मग त्यांनी काठीनं कॅमेऱ्याकडं दाखवलं. "आन् तुमी तर ह्यो डोला उघडा ठेवून बसलाव. तेला पापनी पन नाय."

मामा हसला. "मग बघू दे की त्याला कॅमेऱ्याकडे. दोघं मास्तर एकमेकांकडे बघतील." मीही हसलो. ग्रहणात आई पाण्याच्या हंड्यांवर, दह्यादुधावर, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तुळशीपत्र ठेवायची आणि आम्हाला खिडकीकडे पाठ करून बसवायची. उघडं काही ठेवायचं नाही. त्या वेळी मला एवढंच आठवलं.

सूर्य गेला होता, आभाळ अजून राखाडी होतं, डोंगराची कड स्पष्ट दिसत होती. पहिल्यांदा धोंडूदादाचा कुत्रा उठला. भुंकला नाही. जाळाला वळसा घालून त्यांच्या मांडीखाली शिरला. धोंडूदादांनी मान वर न करता शेजारचं गोणपाट ओढलं, डोक्यावरून घेतलं आणि डोंगराकडं पाठ फिरवली. "आला रं," एवढंच गोणपाटाच्या आतून ऐकू आलं.

मी पाहिलं. पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हे इथे लिहितो. डोंगराच्या कडेच्या वर, हाताच्या पंजाएवढं आभाळ सोडून, तो होता. पिवळा नव्हता, पांढरा नव्हता. समईच्या वातीच्या बुडाशी जी निळसर ज्योत असते, तशा रंगाचा. तो आला असं झालंच नाही. जिथे काही नव्हतं तिथे तो आधीपासूनच होता असं वाटलं. नळाच्या तोंडाशी थेंब लोंबतो, पडेल पडेल वाटतो आणि पडत नाही, तसा तो थरथरत होता. वारा थांबला होता. पोपटीच्या जाळाचा तडतड आवाज इतका मोठा वाटत होता की मला तो विझवावासा वाटला.

"टोपी काढ, शिरू," मामा हळूच म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं कापत होता. मी टोपी काढली. "छान," खिडकीवरून डोळा न काढताच तो म्हणाला. "आता तिथेच बस. हलू नकोस." मी तिपाईच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या जरा पुढे उकिडवा बसलो, डोंगराकडे पाठ करून. माझ्यानं पुन्हा तिकडे बघवेना. त्यामुळे माझं तोंड कॅमेऱ्याकडे झालं. आणि त्या रुंद काचेत, खूप आत, मला तो दिसला. मोहरीएवढा. जांभळट काळोखात एक निळा कण. मामा खिडकीला डोळा लावून, तार दाबण्याआधी तिपाई स्थिर व्हावी म्हणून मोजायला लागला होता, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा शांत. "एक... दोन..."

काचेतला कण मोठा झाला. मोहरीचा वाटाणा झाला. मी मागे वळून बघायला हवं होतं, पण माझी मान वळेना. तो जवळ येतोय हे मला फक्त काचेत दिसत होतं. तो काचेच्या मध्यावर आला, तिथे थांबला, आणि त्या क्षणी तो कॅमेरा कॅमेरा राहिला नाही. तो डोळा होता, त्याला बुबुळ होतं, आणि ते बुबुळ माझ्याकडे बघत होतं. बगनाऱ्याला त्यो बगतो. मला आजोबांचा साय धरलेला कप दिसला. माझ्या हातानं टोपी उचलली. हात म्हणतो, पण मीच होतो. मी ती काचेवर दाबून बसवली, अगदी अलगद, कट् असा आवाज होऊ न देता. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पांघरूण घालावं तशी.

"...तीन... चार." मामानं तार दाबली, फिल्म पुढे सरकवली, पुन्हा दाबली. त्याला खिडकीतून सगळं झकास दिसत होतं. अकरा फोटो काढले त्यानं. प्रत्येकानंतर तो पुटपुटायचा, "आलास. आलास बाबा." मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. मग अचानक वारा सुटला, कुत्रा मांडीखालून बाहेर आला, आणि धोंडूदादा गोणपाट काढून म्हणाले, "गेला." मामा खिडकीपासून डोळा काढून आभाळाकडे बघत राहिला. तेवढ्यात मी टोपी काढली आणि मुठीत धरली. त्यानं पुढे येऊन मला मिठी मारली. त्याचे गाल ओले होते. "शिरू, माझं डोकं ठिकाणावर आहे रे," तो म्हणाला. पोपटीचं मडकं आम्ही जाळातून काढलंच नाही. त्या शेंगा तिथेच करपल्या. मी त्यानंतर पोपटी खाल्लेली नाही, दर हिवाळ्यात कुणीतरी आग्रहानं बोलावतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी फिल्म धुतली. ओली पट्टी चिमट्यानं धरून ते बाहेर आले आणि दाराच्या उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. "कडेचे आकडे आलेत," चाचा म्हणाले, "म्हणजे औषध बरोबर. आत काय नाय." त्यांनी पुन्हा एकदा पट्टी फिरवून पाहिली. "मास्तर, डोंगरपण नाय. आभाळपण नाय. टोपी राहिली."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरच्या काचेखालच्या नवऱ्या-नवरीच्या फोटोंकडे बघत राहिलो. मग मामा म्हणाला, "माझंच चुकलं, चाचा. घाईत राहून गेली." त्याला वाटलं पोरगं विसरलं. पोरानं मुद्दाम लावली असेल असं त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. दुकानात दोघं-तिघं पासपोर्टचे फोटो न्यायला आलेले होते, त्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत बाजारात झालं. चहाच्या हॉटेलात कुणीतरी हाक मारली, "काय मास्तर, तुम्ही कॅमेऱ्याला टोपी घातली, की वरच्यानं तुम्हाला?" सगळं हॉटेल हसलं. तेव्हापासून तो टोपीमास्तर. निवृत्त होईपर्यंत टोपीमास्तर.

पण हे तो सोसू शकला असता. कॅमेऱ्याला दुसरी फिल्म घालता येते. स्टुडिओतून घरी येताना, आळीच्या तोंडाशी, तो थांबला आणि म्हणाला, "फोटोचं जाऊ दे. तो पुन्हा काढू. पण तू होतास ना माझ्याजवळ. तू पाहिलंस ना?" अगदी सहज विचारलं त्यानं. त्याला उत्तर माहीतच होतं, फक्त ऐकायचं होतं.

हो म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा कडावला गेलो असतो. पुन्हा ती तिपाई, पुन्हा ती काच, पुन्हा माझं काम एकच. माझ्या डोक्यात एवढंच होतं. कुसुम नव्हती, लग्न नव्हतं, आजोबा नव्हते. मी म्हणालो, "नाही मामा. मला नुसती चांदणी दिसली. तुझं मोजणं ऐकत होतो मी."

तो हसला. फार हळू हसला. मग त्यानं खिशातला खडूचा तुकडा काढला, बोटांत फिरवला, परत ठेवला. "बरं," म्हणाला. "म्हणजे मी विचित्रच बोलत होतो." त्यानंतर त्यानं तो प्रश्न मला आयुष्यात पुन्हा विचारला नाही.

रविवारी तो खालापूरला गेला. त्या रविवारी जिलबी आली नाही. कुसुमच्या वडिलांना त्यानं स्वतः सांगितलं की आमच्या घरात डोकं फिरण्याचं आहे आणि माझ्यात ते सुरू झालंय. आई आठ दिवस चुलीपाशी रडत होती. मला जवळ घेऊन म्हणाली, "तू तरी नीट राहा रे." मी नीट राहिलो. शिकलो, नोकरी केली, लग्न केलं. पुढे एकदा कुंभिवलीच्या फाट्यावर एसटीत कुसुम भेटली, मांडीवर लेक. "तुझे मामा बरे आहेत ना आता?" तिनं विचारलं. त्या 'आता'ला मी नुसती मान हलवली. मामाला काहीही झालं नाही. त्याचं डोकं शेवटपर्यंत आपल्या सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा शहाणं होतं. पण तो रोज वाट बघत राहिला, आज फिरेल, उद्या फिरेल. संध्याकाळ झाली की तो घरात यायचा, दार लावायचा आणि कडी घालायचा. कडावची शिकवणी सोडली. आभाळाकडे त्यानं पुन्हा पाहिल्याचं मला आठवत नाही. माझ्या एका भीतीच्या बदल्यात त्याला जन्मभराची भीती मिळाली.

निवृत्तीनंतर तो शिळफाट्याला एका खोलीत एकटा राहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि थेंब घालायला मी आठ दिवस जाऊन राहिलो. डॉक्टरांनी डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवून दिली होती. ती काढायची, थेंब घालायचे, पुन्हा लावायची, दिवसातून चार वेळा. पहिल्याच दिवशी तो खुर्चीत मान मागे टाकून बसला आणि हसत म्हणाला, "टोपी काढ, शिरू." मी वाटी काढली. आत त्याचा डोळा होता, लालसर, पाणावलेला, नवी काच बसवलेला. तो माझ्याकडे बघत होता आणि मला त्याच्यात माझं लहानसं डोकं दिसत होतं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. चार शब्दांचं वाक्य. ते ओठांपर्यंत आलं आणि माझ्या हातानं थेंब टाकले. "झालं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "झालं." आठ दिवस, दिवसातून चार वेळा, तो तेच म्हणायचा आणि मी वाटी काढून तेच करायचो. निघताना मी पाया पडलो तर म्हणाला, "उजेड छान दिसतो रे आता." त्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला.

मामा, तो मलाही दिसला होता. टोपी मी विसरलो नव्हतो, मी लावली होती. तुझं डोकं ठिकाणावर होतं. मला माफ कर, हे म्हणायला मला बत्तीस वेळा तुझा डोळा उघडून मिळाला, आणि बत्तीस वेळा मी तो झाकला.